शेहेचाळीस किलोंची तयारी

ऑपरेशनच्या दिवशी माणसाला दवाखान्यात नेऊन सोडायचं आणि बाहेर बाकावर बसून राहायचं, एवढंच काम नातेवाइकांना असतं अशी माझी बरेच दिवस समजूत होती. पुण्यात माझ्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते सकाळी उठून दूध आणून, दूधवाल्याशी भांडून, मग रिक्षाने दवाखान्यात गेले होते. तयारी म्हणून त्यांनी फक्त दाढी केली होती. जर्मनीत असं चालत नाही. इथे ऑपरेशनलासुद्धा अभ्यास करून बसावं लागतं आणि नापास झालं तर तारीख पुढे जाते.

माझी बायको ऊर्मिला हिच्या मोठ्या आतड्यात ‘ते’ निघालं, त्याला आता वर्ष झालं. आमच्या घरात आणि हॅम्बर्गमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांत त्याला ‘ते’च म्हणत. दवाखान्यातली माणसं मात्र दर दोन वाक्यांआड त्याचं नाव घेत आणि मी दर वेळी खुर्चीत जरा सरकून बसे. सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी फ्राऊ लिंडनर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. आतडं कापून पुन्हा जोडायचं तर तो जोड धरला पाहिजे, आणि धरायचा तर अंगात ताकद पाहिजे, हे त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. ऊर्मिलाचं वजन भरलं शेहेचाळीस किलो. चोवीस ऑक्टोबरला ऑपरेशन. मधल्या चार आठवड्यांत तिने खायचं, चालायचं, जिने चढायचे, श्वासाचे व्यायाम करायचे आणि एका मानसतज्ज्ञाशी बोलायचं.

“वजन दीड किलो वाढलं तर उत्तम. घटता कामा नये. घटलं तर आम्हाला थांबावं लागेल, आणि थांबायला आपल्याकडे फार वेळ नाही,” बाई म्हणाल्या.

“माझ्यावर सोपवा,” मी म्हणालो. हे वाक्य मी जर्मनमध्ये म्हणालो याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

मी इथे विमानं बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता तपासतो. खुर्चीचा एक स्क्रू पिळला तरी पिळणाऱ्याची सही, बघणाऱ्याची सही आणि वेळ असं सगळं लिहावं लागतं. लिहिलं नसेल तर स्क्रू पिळलेला असला तरी तो पिळलेला नसतो. एकोणीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाच्या हातात बायकोचं वजन दिल्यावर तो दुसरं काय करणार? मी निळी फाइल आणली. चार रंगांचे विभाग केले: आहार, चालणं, श्वास आणि मन. आमची मुलगी मैत्रेयी पंधरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती जर्मनच. तिने फाइल उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “पापा, दास इस्ट क्रांक.” म्हणजे हे आजारी आहे. आईविषयी ती असं बोलली असती तर मी समजू शकलो असतो, पण ती फाइलविषयी बोलत होती.

आहारात मुख्य होत्या बाटल्या. औषधाच्या दुकानात मिळणारं, व्हॅनिलाच्या वासाचं, दुधासारखं घट्ट पेय. एका बाटलीत एका जेवणाची ताकद. रोज दोन घ्यायच्या. त्याची चिठ्ठी डॉक्टरांनी दिली, पण विम्याच्या क्रांकेनकासने एक फॉर्म पाठवला. त्यात प्रश्न होता, ‘रुग्णास चावता येते काय?’ मी प्रामाणिकपणे ‘हो’ लिहिलं. तीन दिवसांनी पत्र आलं की चावता येत असल्यास पेयाची गरज दिसत नाही. मी फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, “गेनाऊ, बरोबर. चावता येतं ना?” मी म्हटलं, “येतं, पण उतरत नाही.” ती म्हणाली, तसा रकाना फॉर्मवर नाही. शेवटी फ्राऊ लिंडनरनी स्वतः दोन ओळी लिहून पाठवल्या आणि खोकी आली. तोपर्यंत पहिला आठवडा गेला होता आणि वजन चारशे ग्रॅमने उतरलं होतं. ते मी फाइलमध्ये ‘पुरवठ्यातील विलंब’ या नावाखाली दाखवलं.

जिन्याचंही तसंच झालं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. ऊर्मिलाने दिवसातून तीन वेळा खाली जाऊन वर यायचं आणि मैत्रेयीने फोनवर वेळ लावायची असं ठरलं. पाचव्या दिवशी इमारत सांभाळणाऱ्या हाउसफेरवाल्टुंगचं पत्र. जिना येण्याजाण्यासाठी आहे. काही रहिवासी कुठेही न जाता त्याचा वारंवार वापर करीत असल्याची तक्रार आली आहे. मी दोन पानी उत्तर लिहिलं, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं, आणि ‘जिन्याचा हेतू’ यावर एक परिच्छेद घातला जो मला आजही चांगला वाटतो. उलट टपाली परवानगी आली. दुपारी एक ते तीन सोडून आणि मऊ तळव्याचे बूट घालून.

तक्रार करणाऱ्या बाई तळमजल्यावरच्या फ्राऊ पेटरसन निघाल्या. वय चौऱ्याहत्तर. प्रमाणपत्राचं कळल्यावर त्या आमच्या दारात आल्या, हातात चालण्याच्या दोन काठ्या. माफी वगैरे मागितली नाही. “या माझ्या नवऱ्याच्या. त्याला आता लागत नाहीत,” एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी त्या ऊर्मिलाला कालव्याकाठी चाळीस मिनिटं चालवत. पाऊस असला तरी. हॅम्बर्गमध्ये ‘पाऊस असला तरी’ असं म्हणण्यात तसा अर्थ नाही. या चालण्याची नोंद मी नीट ठेवली, पण चालताना दोघी काय बोलतात हे मला कधी कळलं नाही.

मनाच्या विभागाने मात्र माझा फारच अपमान केला. मानसतज्ज्ञ हा हेर, म्हणजे श्रीयुत, क्रूझे नावाचा तिशीतला पोरगा होता. मी दुभाषा म्हणून शेजारी बसलो. त्याने विचारलं, “तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?”

ऊर्मिला मराठीत म्हणाली, “मी नसले तर हे दोघं काय खातील याची. यांना साधा भात लावता येत नाही.”

मी भाषांतर केलं, “तिला ऑपरेशननंतरच्या आहाराची चिंता आहे.”

“नाइन,” म्हणजे ‘नाही’, ऊर्मिला म्हणाली. मग तिने जर्मनमध्ये, हळूहळू, एकेक शब्द मांडत त्याला सगळं सांगितलं. भातासकट. ती तीन वर्षं एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात कामाला जाते आणि चार वर्षांच्या मुलांकडून जर्मन शिकली आहे, त्यामुळे तिची वाक्यं लहान असतात आणि सगळी बरोबर असतात. माझं आयुष्य ऑफिसात इंग्रजीवर गेलं. “माझ्या पोटात एक वाईट आहे. ते बाहेर काढणार. मग मी परत येईन का, ते कोणी सांगत नाही,” ती म्हणाली. हेर क्रूझेने पेन खाली ठेवलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी पन्नास मिनिटं बाहेर बसलो. समोरच्या भिंतीवर माशांच्या जातींचा तक्ता होता. फाइलमध्ये मी लिहिलं, ‘मन: पन्नास मिनिटं.’

आता भेटायला येणाऱ्यांविषयी. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की लोक भेटायला येतात. दवाखान्याच्या पत्रकात लिहिलं होतं की ऑपरेशनआधी विश्रांती घ्यावी आणि गर्दी टाळावी. पण आलेल्या माणसाला पत्रक कोण दाखवणार? माझा मित्र जयंत आणि त्याची बायको कुंदा तर तीन आठवड्यांत सहा वेळा आली. कुंदाने पहिल्याच दिवशी ऊर्मिलाकडे बघून “किती गं वाळलीस” म्हटलं आणि मग तिच्या मावसबहिणीची हकीकत सांगितली. तिलाही ‘ते’च झालं होतं. हकीकत शेवटाकडे आली तसा जयंतने तिच्या पायावर पाय दिला. त्यामुळे हकीकत मध्येच थांबली आणि शेवट सगळ्यांना कळला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. गव्हांकुराचा रस द्या. गहू बंद करा. नाचणी सुरू करा. दूध अजिबात नको. दूध भरपूर पाहिजे, पण देशी गाईचं, आणि जयंतला डेन्मार्कच्या हद्दीजवळ एक माणूस माहीत होता. श्वासाच्या व्यायामासाठी दवाखान्याने एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून हवा ओढली की तीन चेंडू वर जातात. ऊर्मिलाचा एक जायचा, कधी दीड. जयंतने ते टेबलावरून उचललं, तोंडाला लावलं आणि तिन्ही चेंडू खाडकन वर नेले. “सवय पाहिजे,” तो म्हणाला. मग कुंदाने ओढलं. मग त्यांच्याबरोबर आलेल्या पाहुण्यांनी ओढलं, आणि त्यांना सर्दी होती. सगळे गेल्यावर मी ते यंत्र निर्जंतुक करायला उकळत्या पाण्यात टाकलं आणि ते आमच्या डोळ्यांदेखत मऊ पडून बसलं. दवाखान्याने दुसरं दिलं, पण देताना तिथल्या बाईने माझं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं.

तरी पाहुणचार चुकला नाही. ऊर्मिलाला उभं राहवत नसे, पण प्रत्येकाच्या हातात स्टीलच्या पेल्यातून मसाला दूध येई. वेलची, केशर, वर पिस्त्याचा काप. “कशाला दगदग करतेस?” मी विचारी. “दगदग कसली, तयारच असतं,” ती म्हणे. रात्री जेवणानंतर मलाही एक पेला मिळे. बायको आजारी असताना नवऱ्याची इतकी काळजी घेते याचं मला भरून यायचं आणि मी पेला चाटूनपुसून संपवायचो.

बाटल्यांची नोंद मी पुराव्यानिशी करत होतो. रोज संध्याकाळी सिंकखालच्या डब्यातल्या रिकाम्या बाटल्या मोजायच्या आणि सही करायची. रोज दोन. कधी तीन. तिसरी दिसली की मला फार समाधान वाटे. फ्रिजमधला क्वार्क म्हणजे इथलं चक्क्यासारखं दही, तोही दोन दिवसांत अर्धा किलो संपे. अंडी, पनीर, सगळं संपत होतं. कागदावर आमच्या घरी एक पहिलवान राहत होता.

दुसऱ्या मंगळवारी वजन भरलं पंचेचाळीस किलो शंभर ग्रॅम. मी फाइलला आणखी दोन रकाने जोडले. तिसऱ्या मंगळवारी, सतरा ऑक्टोबरला, चव्वेचाळीस किलो पाचशे.

फ्राऊ लिंडनरनी चष्मा लावून माझी फाइल पानापानाने वाचली. मग म्हणाल्या, “आल्झो, तर मग, हेर सबनीस, या कागदांप्रमाणे तुमच्या पत्नीचं वजन दोन-तीन किलोंनी वाढायला हवं होतं.”

मी शांतपणे विचारलं, काट्याची तपासणी शेवटची कधी झाली होती. बाईंनी काटा उलटा करून खालचं लेबल दाखवलं. ऑगस्टमध्ये झाली होती. लेबल नीट होतं, सहीसुद्धा होती. माझ्याच धंद्याने मला गप्प केलं. तरी त्यांनी माझ्या समाधानासाठी शेजारच्या खोलीतून दुसरा काटा आणवला. त्यावर ऊर्मिला आणखी शंभर ग्रॅमने कमी भरली.

मग त्यांनी सर्जन प्रोफेसरांना बोलावलं. त्यांनीही फाइल वाचली. माझी फाइल इतक्या मोठ्या माणसाने इतक्या लक्षपूर्वक वाचावी याचं मला क्षणभर बरं वाटलं, हे लाज सोडून सांगतो. वाचून ते आमच्यासमोर बसले. एखादा माणूस इतकं खाऊनही उतरत असेल, ते म्हणाले, तर ते खाणं जातं कुठे हे बघायला हवं. रोग आणखी कुठे गेलेला असू शकतो. यकृतात, फुप्फुसात. आधीच्या स्कॅनमध्ये दिसलं नव्हतं, पण आता शुक्रवारी पुन्हा करू. तसं असेल तर हे ऑपरेशन करण्यात अर्थ राहणार नाही. चोवीसची तारीख तूर्त रद्द.

परत येताना बसमध्ये ऊर्मिला खिडकीपाशी बसली. तिने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. मी विषय काढला नाही, कारण जे बोलायचं होतं त्याला आमच्याकडे शब्द नव्हता, ‘ते’ होतं, आणि ‘ते’ पसरलं असं म्हणायचं धाडस मला झालं नाही.

परवावर दिवाळी होती. मैत्रेयीने बाल्कनीत कंदील लावला. मी कामाला गेलो, कारण घरी बसून काय करायचं हे मला समजेना. रोज बंदरातली फेरीबोट पकडून मी कारखान्यात जातो. त्या दिवशी डेकवर पावसात उभा राहिलो. मैत्रेयीची शाळा संपेल तेव्हा ऊर्मिला असेल का, असा विचार मनात आला आणि तो जाईना. मला फार भीती वाटत होती. शेजारच्या माणसाने विचारलं, “आत येत नाही का, भिजताय.” मी म्हटलं, “हवा छान आहे.”

शुक्रवारी स्कॅन झाला. निकाल सोमवारी. शनिवारी भाऊबीज, आणि सकाळी जयंतचा फोन आला.

“अरे, काल स्कॅन होता ना? काही कळलं का?”

“सोमवारी.”

“होईल सगळं ठीक. बरं, वेळ नाही ही विचारायची, पण कुंदा मागे लागलीय. ते तुमच्याकडचं मसाला दूध कुठल्या दुकानातलं? वहिनी म्हणाल्या होत्या की तयार मिळतं, नुसतं पेल्यात ओतायचं. आमच्याकडे दिवाळीला माणसं येतायत. आणि तब्येतीला चांगलं दिसतंय रे ते. कुंदाचं वजन दीड किलो वाढलंय, तीच तक्रार करत होती.”

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात गेलो, सिंकखालचा डबा उघडला. दोन बाटल्या, रिकाम्या, धुतलेल्या. ओट्यावर वेलचीपुडीची डबी. मग मी खाली बघितलं. माझ्या पँटचं वरचं बटण आठवड्याभरापासून लागत नव्हतं आणि मी तिथे सेफ्टी पिन लावत होतो. पँट धुऊन आटली असं मी धरून चाललो होतो.

ऊर्मिला टेबलापाशी लसूण सोलत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

“जयंतभाऊजींचा फोन होता का?”

“किती बाटल्या प्यायलीस तू? खरं सांग.”

“सुरुवातीला दोन-तीन प्यायले.”

“दिवसाला?”

“एकूण.”

मला ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही. मी विचारलं, “का, ऊर्मिला?”

“अहो, आलेल्या माणसाला नुसतं पाणी देऊन घालवू? चहाला उभं राहायची ताकद नव्हती मला. हे ओतलं की झालं. माणसं आपल्यासाठी एवढी लांब येतात.” मग म्हणाली, “आणि मला जातच नव्हतं. तोंडाशी नेलं की परत खाली ठेवायचे. हे पोटातल्या त्या वाईटासाठी दिलेलं आहे, असं वाटायचं. पाहुण्यांनी प्यायलं की ते नुसतं दूध असायचं.”

“मला सांगायचं होतंस.”

“काय सांगू? तुम्ही रोज येऊन बाटल्या मोजायचा. तिसरी दिसली की किती खूश व्हायचा. तेवढंच एक होतं घरात खूश होण्यासारखं.”

“आणि मंगळवारी? त्यांनी तारीख रद्द केली तेव्हा तरी?”

“मलाही वाटलं, पसरलंच असणार. बाटल्यांमुळे एवढं होईल हे डोक्यातच आलं नाही. उद्या सांगू म्हटलं. मग दिवाळी आली.” ती रडत नव्हती. “भीती वाटते हो मला. बाकी काही नाही.”

मैत्रेयी दारात उभी होती. “मामा हाट गेझाग्ट, इश झोल निश्ट्स झागन,” ती खाली बघत म्हणाली. आईने सांगितलं होतं, काही बोलू नकोस. क्वार्कचं श्रीखंड तिच्या डब्यात जात होतं. घरात फाइल लिहिणारा सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मी बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि रडलो. राग होता, पण रागापेक्षा हलकं वाटत होतं. ते पसरलं म्हणून ती उतरत नव्हती, ती खात नव्हती म्हणून उतरत होती. उपाशी असणं ही चांगली बातमी वाटावी अशी वेळ आमच्यावर आली होती. आणि तेवीस वर्षांत ही बाई काय खाते, किती खाते, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मी जेवताना ती गॅसपाशी उभी राहून गरम पोळ्या करायची. माझं झालं की मी बाहेर जाऊन बातम्या लावायचो. ती नंतर जेवते असं मी ऐकून होतो.

सोमवारी मी फ्राऊ लिंडनरसमोर उभा राहून कबुली दिली. जर्मनमध्ये, दुभाष्याशिवाय. पाहुणे, वेलची, सेफ्टी पिन, सगळं. स्कॅन स्वच्छ आला होता. त्यांनी ते आधी सांगितलं असतं तर मी कदाचित सेफ्टी पिन वगळली असती. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझी फाइल घेतली, स्वतःच्या कपाटात ठेवली आणि कपाट लावून टाकलं.

“तुम्ही आता काही लिहायचं नाही, हेर सबनीस. तुम्ही जेवायचं. त्यांच्याबरोबर, एकाच टेबलावर, एकाच वेळी. पहिला घास त्यांचा. तीन आठवडे आहेत. चौदा नोव्हेंबर. आणखी पुढे मी नेऊ शकत नाही.”

हे ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी भात लावला, त्याची खीर झाली. आमटी केली. अंडी उकडली. तिला बसवलं, वाढलं. ती ताटाकडे बघत राहिली. “तुम्ही घ्या ना आधी,” म्हणाली. मी म्हटलं, तू घे. ती म्हणाली, कुणी बघत असलं की घास उतरत नाही. मी आणि मैत्रेयीने तोंडं फिरवली. आम्ही दोघं भिंतीकडे बघत आणि ती हातात घास धरून, असे आम्ही बराच वेळ बसलो. मीठ आणायला म्हणून ती दोनदा उठली. तिसऱ्यांदा मी तिचा हात धरून खाली बसवलं. लग्नाच्या पंगतीनंतर आम्ही दोघं प्रथमच शेजारी बसून जेवत होतो आणि ते जेवण अतिशय वाईट झालं होतं.

चौथ्या दिवशी ती अर्ध्या अंड्यावरून रडली. मैत्रेयीने ते अंडं चमच्याने ठेचलं आणि आईला भरवलं, बोलता बोलता, बालवाडीतल्या मुलांना भरवतात तसं. ते गेलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण अंडं गेलं. बाटली ती घोटाघोटाने प्यायची, मध्ये डोळे मिटून घ्यायची. माझा भात आठवड्याभरात भात झाला. पाहुणे बंद केल्याचं मी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. जयंतने ते वाचलं, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. फ्राऊ पेटरसन मात्र रोज येत राहिल्या. त्या खाली दारातच उभ्या राहत, वर येत नसत. सात नोव्हेंबरला वजन भरलं पंचेचाळीस किलो सातशे. बाईंनी आकडा लिहिला, मला दाखवलाही नाही, तिला दाखवला.

ऑपरेशन चौदालाच झालं. साडेचार तास लागले. जोड धरला. आतड्याजवळच्या, तपासायला काढलेल्या एकोणीस लहान गाठींपैकी दोन खराब निघाल्या, म्हणून पुढे सहा महिने केमो झाली. तिच्यात हसण्यासारखं मला काही सापडलं नाही, तेव्हा ती सांगत नाही. पुढचा स्कॅन डिसेंबरात आहे. त्यात काय निघेल ते कुणाला माहीत नाही, प्रोफेसरांनाही नाही. पण ऑपरेशनच्या आधीच्या रविवारचं एक सांगायचं राहिलं.

त्या रविवारी दुपारी बेल वाजली. जयंत आणि कुंदा, हातात चिवड्याचा डबा. “भेटायला नाही आलो, नुसता डबा द्यायला आलो,” जयंत म्हणाला आणि दोघं आत येऊन बसली. ऑपरेशन दोन दिवसांवर होतं. त्यांना घालवून देणं मला जमलं नाही. ऊर्मिला कोचाच्या टोकाला शाल घेऊन बसली होती. तिने उठण्यासाठी गुडघ्यांवर हात ठेवले, आणि मग ते काढून घेतले. ती बसून राहिली.

चार वाजले. चारला तिची बाटली असायची. आता काय करावं? मी स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. मग बाटली पेल्यात ओतली आणि तो एकच पेला घेऊन बाहेर आलो. कुंदा माझ्या वाटेतच बसली होती. तिने सवयीने हात पुढे केला.

ऊर्मिलाने वाकून तिच्या हाताखालून पेला घेतला. आणि प्यायला लागली. एक घोट, थांबून दुसरा, थांबून तिसरा. सगळे बघत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती थांबली नाही. आमच्याकडे पाहुण्यासमोर असं कुणी पीत नाही. जयंत डब्याचं झाकण बघत बसला आणि मी गालिचाकडे. माझे कान लाजेने तापले होते, आणि तिने मध्येच पेला खाली ठेवू नये असं मला आयुष्यात दुसरं काही वाटलं नसेल इतकं वाटत होतं.

तिने संपवला. शालीच्या टोकाने ओठ पुसले.

“आज तुला काही देत नाही, कुंदा,” ती म्हणाली. “हे माझं आहे.”

कुंदाचा हात अजून तसाच पुढे होता. तिने तो मागे घेतला. मग ती उठून ऊर्मिलाच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या पायावरची शाल नीट करत राहिली.